नानांचा समुद्र

"आधी पानी बघा, मासा मागून," असं म्हणत नाना उकिडवे बसायचे आणि पाण्याच्या कडेला एक काडी रोवायचे. पाणी काडीपासून किती सरकलं, यावर त्यांचं गळ टाकणं ठरायचं. चहाच्या कपातही ते काडी रोवतील, अशी आम्ही नगरजवळची भिंगारकर मंडळी त्यांची चेष्टा करत असू.

नाना आमच्या ऑफिसच्या स्टोअरमध्ये कारकून, मूळचे पाथर्डीकडचे. टँकरची वाट बघत मोठा झालेला हा माणूस दर रविवारी मुळा धरणावर गळ टाकून बसायचा. असा एखादा वेडा तुमच्याही ऑफिसात असेल. मोबाईलवर समुद्रातल्या मासेमारीचे व्हिडिओ बघून जेवणाच्या सुट्टीत ते आम्हाला शिकवत. वाळूवरून लांब टाकायचं तर शिसं जड हवं, खडकांच्या घळीत तरंगता गळ बरा, आमिषाला कोळंबी. समुद्र मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. निवृत्तीच्या आधी एकदा तरी जाऊ, असं म्हणता म्हणता गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोकणात गेलो.

ओहोटी होती. भरती लागायच्या आत परत या, असं किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्यानं बजावलं. नानांनी मान डोलावली, घोटाभर पाण्यातून पुढच्या खडकावर गेले आणि समोरच्या फटीत काडी रोवली. मी टपरीवरच बसलो. माझा उत्साह चहापुरताच.

चूक तिथंच झाली. आम्हा नगरकरांना पाणी माहीत ते धरणाचं. ते समोर असतं आणि पाठीमागे जमीन असते. नाना काडीवर नजर ठेवून होते आणि काडी कोरडी होती. त्यांच्या पाठीमागे, खडक आणि किनारा यांच्यामधल्या सखल जागेत, पाणी भरत चाललं होतं.

माझं लक्ष गेलं तेव्हा मी पाण्याच्या कडेला धावत जाऊन हाका मारल्या. त्यांना वाटलं, मी मासा विचारतोय. त्यांनी हातभर मासा उंच धरून दाखवला. इतके खूश नाना मी कधीच पाहिले नव्हते. मग त्यांनी मागे पाहिलं.

टपरीवाला ओरडून म्हणाला, पोहत या.

"मला पवता येत न्हाई," नाना म्हणाले.

तीस वर्षं पाण्याकाठी बसलेला माणूस, आणि आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांचं डोकं मात्र शाबूत होतं. गळाच्या दोरीला, तंगुसाला, जड शिसं अडकवून त्यांनी ते किनाऱ्याकडे फेकलं. बरोबर माझ्या पायाशी पडलं. "त्याला दोर बांदा," म्हणाले. टपरीवाल्यानं होडीचा दोर आणला, मी बांधला, आणि नाना रीळ फिरवून तो ओढू लागले. दोर निम्म्यावर असताना मोठी लाट आली. ती ओसरली तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. माझ्या हाताला ओढ लागेना. मी वेड्यासारखा दोर धरून उभाच राहिलो.

दुपारी कोळ्यांना नाना सापडले. घरी कळवायचं माझ्यावर आलं. फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत वहिनी हसत म्हणाल्या, "भाऊजी, लागला का मासा? सकाळधरनं त्यांचा फोनच लागंना."

"लागला वहिनी. हातभर होता," मी म्हणालो.