पडवीचे सहा नट

मंगळवार, मे महिन्यातला शेवटचा. हजर: मी, माझे हवालदार, विमा कंपनीचे सर्व्हेअर, घरमालकीण आणि दोन पंच. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. मी तेव्हा पाचोऱ्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. पुढे मोठे गुन्हेही तपासले, पण ती पडवी अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते.

आठ दिवसांपूर्वी वादळ होऊन गेले होते. हद्दीतल्या एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेच्या घराचे सगळे पत्रे उडाले. बाई पन्नाशीच्या; सारे गाव त्यांना सिस्टर म्हणे. घराचा विमा होता. त्यांनी दावा दाखल केला आणि चौथ्या दिवशी ठाण्यात निनावी अर्ज आला: 'सिस्टरने वादळाआधीच नट काढून ठेवले होते. कंपनीला फसवते आहे.' ठाणे अंमलदाराने आवक नोंदवहीत नोंद करून अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

आरोप खरा निघाला तर फसवणुकीचा गुन्हा आणि पाठोपाठ नोकरीतून निलंबन. चौकशी लांबली तरी दावा अडणार. मृग दोन आठवड्यांवर आला होता आणि सिस्टरांची आई शाळेच्या ओट्यावर खाट टाकून होती.

निनावी अर्ज बहुधा अर्धे खरे असतात. सर्व्हेअरने मला पडवीच्या पुढच्या लोखंडी पाइपाखाली नेले. "बाकी सगळीकडचे पत्रे धरणारे हूक वाकलेत. हे सहा सरळ आहेत. यांचे नट पान्ह्याने काढलेत, साहेब."

घरझडतीत ते सहा नट सापडलेही. कापसाच्या रिकाम्या डब्यात, वॉशरसकट, कागदाच्या पुडीत. मी टाचणवहीत लिहिले: 'नट जपून ठेवलेले. पूर्वतयारी दिसते.' मग सिस्टरांना समोर बसवले.

"नट कोणी काढले?"

"मी."

"कशाने?"

"पान्ह्याने."

"पान्हा दाखवा."

"हरवला."

"वर कशा चढलात?"

"शिडीने."

"शिडी कुठे आहे?"

"साहेब, तुम्ही छपराची चौकशी करताय की शिडीची?"

पंचांपैकी एक जण हसला. मी हसलो नाही, कारण बाई खोटे बोलत होत्या आणि स्वतःच्याच विरुद्ध बोलत होत्या. बसल्या जागेवरून उठताना त्यांना दोन्ही हातांनी गुडघा धरावा लागत होता. त्यांना छपरावर चढणे शक्य नव्हते. माणूस स्वतःला वाचवायला खोटे बोलतो, ते मी रोज ऐकत होतो. हे खोटे दुसऱ्या कोणासाठी तरी होते.

माझे हवालदार धुळ्याकडचे. ते मघापासून मान वर करून तो पाइप पाहत होते. दोन ठिकाणी, दीड-दोन हातांच्या अंतरावर, रंग घासून लोखंड चकाकत होते.

"साहेब, हाई झोकानी खूण शे," ते म्हणाले. "आखाजीले पोरी झोका खेयतस."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात आणि घरोघर झोके बांधतात. पत्रा थेट पाइपावर टेकलेला. जाड दोर मधून ओवायचा तर नट काढून पत्रा उचलावाच लागणार. गल्लीत एवढा मजबूत पाइप याच घराला होता. मी सिस्टरांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली.

"झोका कोणाचा?"

"गल्लीतल्या सगळ्याच पोरी बसल्या."

"बांधला कोणासाठी?"

तेवढ्यात शेजारचे आबा कुंपणापलीकडून पुढे आले. टोपी हातात होती.

"साहेब, ते नट मी काढात. बठ्ठं माले इचारा. मन्ही पोरले मधमा आनू नका. तिना काय दोष शे?"

मुलीचे नाव मध्ये येऊ नये म्हणून आबा सगळे स्वतःवर घेत होते. मग सारा प्रकार उघड झाला. आबांची मुलगी लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी आली होती. तिच्यासाठी आबांनी सिस्टरांच्या पडवीत झोका बांधला. सण झाल्यावर दोर सोडला, पत्र्यावर चार दगड ठेवले आणि नट सांभाळायला सिस्टरांकडे दिले. "सकाळी बसाडी देस," म्हणाले. मध्ये नात्यातले लग्न आले, नट बसवायचे राहिले. वारा त्याच पत्र्याखालून शिरला.

"मग सांगायचं होतंत, सिस्टर," मी म्हणालो.

"काय सांगू? तिच्या झोक्यानं माझं छप्पर गेलं म्हणून? सासरी कळलं की जन्मभर पांढऱ्या पायाची म्हणतील. माझ्या हातावर जन्मलेली पोर आहे ती."

आबांचा जबाब झाला. सर्व्हेअरने पाइपाचे मोजमाप घेतले आणि चष्मा पुसत ते म्हणाले, "पडवीचे पत्रे मी धरणार नाही. तो हलगर्जीपणा आहे. बाकीचं घर वाऱ्यानं नेलंय, ते लिहितो." मी त्याच दिवशी अहवाल दिला: फसवणुकीचा हेतू आढळला नाही. अर्ज कोणी लिहिला ते मी शोधले नाही. दावा त्या एका कपातीसह मंजूर झाला. मंजुरी यायच्या आतच आबांनी गल्लीतली चार माणसे घेऊन घरावर पत्रे चढवले. पडवीचे पत्रे त्यांनी स्वतःच्या गोठ्यावरून काढून आणले. सिस्टरांची आई मृगाआधी घरात आली.

त्या चौकशीने माझी एक सवय मोडली. नीट ठेवलेली वस्तू दिसली की मी तिला कट समजत असे. फसवणारा माणूस नट विहिरीत टाकतो. पुडी बांधून ठेवतो तो पुन्हा बसवणारा. हे मला खात्याच्या परीक्षेत कोणी विचारले नव्हते.

टाचणवहीतल्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत बारा बाबी होत्या. अकरांपुढे खूण आहे. बारावी अशी: 'आबांच्या मुलीचा जबाब नोंदवणे.' नियमाप्रमाणे ते करायला हवे होते. मुलगी दारातच उभी होती, कागदही तयार होता. मी वही मिटली. तिचे नाव पोलिसांच्या एकाही कागदावर नाही, आणि ती बाब आजही बाकी आहे.