दाजींच्या चाकातले मणी

अख्ख्या भोर तालुक्यात, आणि वेल्ह्याकडची डोंगरातली गावं मोजायला घेतली तरी, आमच्या दाजींइतका अस्वस्थ माणूस सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव हिर्डोशी, धंदा विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. अक्काच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दाजी खुर्चीला पाठ टेकून बसलेत हे दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतसुद्धा अक्का स्वच्छ आली आहे आणि शेजारी दाजी पुसट, कारण फोटोवाल्यानं कळ दाबली तेव्हा ते मांडवाचा खांब हलतोय का बघायला निघाले होते. जेवताना पहिला घास ते पाटावर घेतात, दुसरा उंबऱ्यात, आणि भाताची वेळ येईतो ताट हातात घेऊन परसात पोचलेले असतात. चहाचा कप त्यांच्याकडून परत मिळवायचा तर घराला एक चक्कर मारावी लागते. कधी कुंपणावर सापडतो, कधी शेजाऱ्याच्या ओट्यावर.

गंमत अशी, की स्वतः घटकाभर स्थिर नसलेल्या या माणसाला दुसरं काहीही हललेलं सोसत नाही. डुगडुगणारं टेबल, खुळखुळणारी कडी, गरगरताना मान डोलावणारा पंखा यांच्याशी त्यांचं जन्माचं वैर आहे. खिशात कायम रबराचे तुकडे आणि पुठ्ठ्याच्या घड्या. नसरापूरच्या हॉटेलात ते शिरले की मालक वेटरला चहाआधी फरशीला फडकं मारायला पाठवतो, कारण दाजी टेबलाखाली जाणार हे त्याला माहीत असतं. माझ्या चुलत भावाच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटापाशी ठेवलेला चौरंग डुगडुगतोय हे यांच्या नजरेला आलं. दाजी रांगत नवरा-नवरीच्या मधे गेले आणि लग्नपत्रिकेची घडी करून चौरंगाच्या पायाखाली सारून आले. कानपिळीला कुणीतरी वेळेआधीच आलं असं समजून नवरदेवानं दोन्ही कान झाकून घेतले, आणि हार ज्याच्या त्याच्या हातात राहिले. अक्कानं पदरात तोंड लपवलं. दाजी मात्र बाहेर येऊन मला समाधानानं म्हणाले, "आता ह्यांचा संसार डगमगायचा न्हाई."

हा माणूस बसायचा ती जागा एकच, जीपच्या सुकाणूमागची. मोटार दुरुस्तीसाठी त्यांना हिर्डोशीपासून वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत हिंडावं लागतं, आणि गाडी पळायला लागली की दाजींचे हातपाय शांत होतात, आवाज खाली येतो, समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेण्याइतके ते माणसात येतात. ही गोष्ट अक्काला लग्नानंतर लगेच उमगली असणार. घरात काही ठरवायचं निघालं, लेकीचं स्थळ असो, सासूबाईंचं दुखणं असो की छपराचे पत्रे, अक्का घरात अवाक्षर काढायची नाही. "मीठ संपलंय, जरा भोरला जाऊन येऊ," एवढंच म्हणायची. मग धरणाच्या कडेकडेनं जाताना नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसून सगळं बोलून घ्यायची. त्यांच्या घरात मिठाचा एवढा साठा का, हे मला फार उशिरा कळलं. बाकीची जोडपी ओट्यावर नाहीतर झोपाळ्यावर बसत असतील. माझी बहीण आणि तिचा नवरा शेजारी-शेजारी बसले ते जीपमध्येच.

आणि ती जागाच दाजींनी स्वतःच्या हातानं घालवली. दोन पावसाळ्यांपूर्वी वेल्ह्याच्या बाजूला गाडी चिखलात रुतली, ती बैलांनी ओढून काढली. बैलांनी काढली याचा दाजींना अपमान वाटला. त्यांनी पुण्याहून भलीमोठी, खोल नक्षीची चिखलातली टायरं आणली. ती बसवल्यावर जीप एवढी उंच झाली की अक्काला चढायला पाट ठेवावा लागे. चिखलातून गाडी हत्तीसारखी निघायची खरी, पण डांबरी रस्त्यावर जरा वेग घेतला की सुकाणू थरथरायचं, सीट थरथरायची, आणि आत बसलेल्या माणसाचं बोलणंसुद्धा थरथरत बाहेर पडायचं. एवढी चाकं भोरमधल्या चाकांचा तोल साधायच्या यंत्रावर बसेनात. अंदाजानं ठोकलेली शिशाची वजनं दगडगोट्यात दुसऱ्या दिवशी गळून पडत. त्यातच अक्काच्या पाठीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी हादरे टाळा म्हणून सांगितलं, आणि अक्कानं जीपमध्ये बसणं बंद केलं. ती एसटीनं जायला लागली.

तेव्हापासून दाजींची जी अवस्था झाली ती बघवत नव्हती. अक्का एसटीत बसली की हे जीप घेऊन एसटीच्या मागं. शेजारची सीट रिकामी. एसटी थांब्यावर थांबली की हेही थांबत, खाली उतरत, खिडकीपाशी जाऊन "पाठ बरी हाय का?" विचारत, आणि कंडक्टरनं घंटी दिली की पळत जीपकडे जात. एकदा कंडक्टर अक्काला म्हणाला, की मावशी, साहेबांना तिकीट काढून आतच बसवा, मागनं येण्यापरीस सोपं पडंल. अक्का म्हणाली, "त्यांना आत बसवून तुमची गाडी हलली तर ती दुरुस्त करायला थांबतील." पण मला ती एकदा वेगळंच बोलली होती. म्हणाली, की लई बोलायचं साठलंय रे, घरात कुणाशी बोलू?

याच दिवसांत दाजींना मोबाईलवर मण्यांचा शोध लागला. टायरच्या आत मूठमूठ बारीक काचेचे मणी टाकायचे. चाक जोरात फिरायला लागलं की हे मणी आतल्या आत सरकत जातात, जिकडं वजन कमी तिकडं जाऊन बसतात, आणि थरथर थांबते. गाडी थांबली की सगळे खाली जमा. पुन्हा निघाली की पुन्हा आपापल्या जागी. ते मला सांगताना दाजी ओसरीवर येरझारा घालत होते. "पाव्हणं, बगा की. फिरंल तवाच जाग्यावर बसतंय. हुबं ऱ्हायलं की ढासळलं." हे आपण स्वतःबद्दल बोलतोय असा संशयही त्यांच्या तोंडावर नव्हता.

मणी कुरियरनं यायला दिवस लागणार होते, आणि वाट बघणं म्हणजे एका जागी थांबणं. दाजींनी विचार केला, गोल, बारीक आणि टणक एवढंच पाहिजे ना? मग घरच्या नाचणीत काय कमी आहे? अक्काची निवडलेली, वाळवलेली नाचणी चारी टायरांत गेली. पहिले काही दिवस गाडी अशी पळाली, की दाजी परदेशातल्या कंपन्यांना नाचणी विकायच्या गोष्टी करू लागले. मग थरथर परतली, पहिल्यापेक्षा जास्त. भोरमध्ये टायर पंक्चर झाला तेव्हा मी बरोबर होतो. पंक्चरवाल्या चाचांनी टायर रिमवरून सोडवला आणि दोन पावलं मागं झाले. आत हवेबरोबर गेलेला ओलावा, भर उन्हातली ऊब आणि इतक्या दिवसांचं दळण. करड्या रंगाचा लगदा, आणि त्याचा आंबूस वास पार बाजारापर्यंत. चाचांनी बोट बुडवून वास घेतला. "दाजी," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "आंबील लोक मडक्यात करत्यात." चारी टायर धुवेपर्यंत संध्याकाळ झाली.

घरी पुढचे चार दिवस जेवायला तांदळाची भाकरी होती. मग काचेचे मणी आले. ते बघून ती म्हणाली, "माझ्या गळ्यात दोन मणी वाढवायचं म्हणलं तर ह्यांना सवड न्हाई, आन् चाकाला वंजळभर." मणी टायरांत गेले. पण बसायला ती तयार होईना. नाचणीवरनं तिचा विश्वास उडाला होता.

एक दिवस सकाळची एसटी आलीच नाही. अक्काला भोरच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मी आदल्या दिवशीपासून हिर्डोशीतच मुक्कामाला होतो. थांब्यावर अक्का उभी, आणि तिच्याभोवती दाजी जीप घेऊन घिरट्या घालतायत असं बराच वेळ चाललं. शेवटी ती पाटावर पाय देऊन चढली. अट एकच, भावानं मागं बसायचं आणि ती म्हणेल तेव्हा गाडी थांबवायला लावायची. भोरपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. खड्ड्यांपुढं मण्यांचं काय चालणार? हादरा बसू नये म्हणून दाजींनी गाडी इतकी हळू घेतली की चाकांतून सुपात तांदूळ घोळल्यासारखा आवाज येत राहिला, आणि गुरं राखणारी एक बाई आमच्या पुढं निघून गेली. अक्का समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ती सरळ एसटी स्टँडकडं चालायला लागली. दाजी तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. हलले नाहीत. "एकडाव हायवेला चल," ते म्हणाले. "थरथरली तर हितनं फुडं म्हणायचा न्हाई. मोठी टायरं काडून टाकीन."

कापूरहोळला हायवे लागला आणि आम्ही साताऱ्याच्या दिशेला वळलो. गाडीनं वेग घेतला, आणि सुकाणू थरथरलं. दाजींच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. अक्कानं दांडी आणखी आवळली. मी मनातल्या मनात ज्या देवाचं नाव आठवलं त्याला साकडं घातलं. मग थरथर कमी झाली, आणखी कमी झाली, आणि एका क्षणी नाहीशीच झाली. बऱ्याच वेळानं अक्काचा एक हात दांडीवरून खाली आला, मग दुसरा.

मग ती बोलायला लागली. पत्रे बदलायचेत, लेक यंदा यायचं म्हणतीय, शेजारच्यांची म्हैस आटली. मध्ये श्वास घ्यायची तेवढाच खंड. दाजी नुसते "व्हय, व्हय" करत होते. शिरवळ आलं तेव्हा तिचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबलं. तिला झोप लागली होती, आणि डोकं दाजींच्या खांद्यावर टेकलं होतं. मी हळूच म्हणालो, की दाजी, आता वळवा, लांब आलो. ते कुजबुजले, "हळू घेतली तर मणी पडतील." पण पुढं खंबाटकीचा घाट दिसायला लागला, आणि घाटात वेग राहत नाही. घाटाच्या अलीकडं एका झाडाखाली त्यांनी गाडी अलगद थांबवली. इंजीन बंद केलं. चारी चाकांत मणी सळसळत खाली आले, आणि सगळं गप्प झालं.

आता हे दार उघडून उडी मारणार, टायरांना लाथा घालणार, बॉनेट वर करणार, असं मी धरून चाललो होतो. काही झालं नाही. खूप वेळ काही झालं नाही. शेवटी अक्का जागी झाली. "गाडी थांबली व्हय?" तिनं विचारलं.

"मघाशीच."

"मग तुमी हितंच कसं?"

"बसलोय," दाजी म्हणाले.

अक्कानं डोकं उचललं नाही. मला खरं तर पाय मोकळे करायला उतरायचं होतं, पण त्या जीपचं मागचं दार बाहेरूनच उघडतं. त्या दोघांना उठवायला माझा जीव होईना. मग मीही बसून राहिलो.