मापाचा ब्लाऊज

माझी सून सुप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. पसारा दिसला की तिचे हात शिवशिवतात. दिवाळीच्या तोंडावर मी माहेरी कर्जतला गेले, तेवढ्यात तिने माझी शिवणाची खोली आवरली. बटणं, हूक, रिळं बरण्यांत गेली. गिऱ्हाइकांचे मापाचे ब्लाऊज इस्त्री होऊन रंगाप्रमाणे रचले गेले. मला माझ्याच खोलीत पाहुणी आल्यासारखं वाटलं.

"आई, ब्लाऊजना चिंध्या बांधलेल्या होत्या, त्या सोडून टाकल्या," ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

शिवायला कापड आलं की त्याचीच एक चिंधी मी त्या बाईच्या मापाच्या ब्लाऊजला बांधते. कोणतं कापड कोणाच्या मापाने बेतायचं, याची माझी तेवढीच खूण.

तोंडावर आलेलं सगळं गिळून मी बायकांना बोलावणं धाडलं. आपापला ब्लाऊज ओळखा म्हटलं. आमच्या शेजारणीने बराच वेळ उलथापालथ करून एक बारीकसा हिरवा ब्लाऊज उचलला.

"ह्योच माझा हाय, ताई."

सुनेने तोंड उघडलं, तशी मी डोळे वटारले. तो ब्लाऊज सुनेचाच होता, फिटिंगसाठी माझ्याकडे पडलेला.

शेजारणीचा ब्लाऊज मी नजरेच्या अंदाजाने, चांगला ऐसपैस शिवला. पाडव्याला ती तो घालून मिरवत आली.

"बघा, लग्नापासून माप त्येच हाय," ती सुनेला म्हणाली.

सुनेचा हिरवा ब्लाऊज अजून शेजारणीच्याच कपाटात आहे.