कौल लागला लांब प्लगला

“ह्योच प्लग बसवचो. दुसरो चलाचो नाय. देवान कौल दिल्यान हा,” असं म्हणून तात्यांनी एक चकचकीत प्लग माझ्या हातावर ठेवला.

मी तेव्हा वेंगुर्ल्याच्या एका दुकानात फिटर होतो. दुकान पाण्याचे पंप विकायचं आणि विकलेले पंप सुरू करून देणं माझ्याकडे होतं. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं, अशी त्या पंपांची इंजिनं. आमच्या बाजूला तेव्हा त्यांची नवलाईच होती.

तारकर्लीच्या तात्यांनी मुंबईची गिरणीतली नोकरी सोडून माडाची बाग धरली होती. कवाथे, म्हणजे माडाची रोपं, लावून झाले, विहीर झाली, इंजिनही आलं. पण होडीतून उतरवताना ते आपटलं आणि त्याच्या प्लगची चिनीमाती फुटली. वैशाखाचं ऊन. कवाथे माना टाकायला लागलेले. तात्यांची बायको, म्हणजे काकी, घागरीनं पाणी घालून घालून वाकून गेल्या होत्या. काकींनी मला आल्या आल्या बाजूला घेतलं.

“झिला, पंप चललो नाय तर ह्यांका परत मुंबयक जावचा लागतला. काय ता कर, पण पाणी काढ.”

आता प्लगविषयी थोडं. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात आट्यांनी बसणारी, ठिणगी पाडणारी वस्तू. आट्यांची जाडी जुळली की तो भोकात बसतो, म्हणून लोक तेवढंच बघतात. पण आट्यांची लांबीही जुळावी लागते. आखूड पडला तर ठिणगी भोकातच राहते आणि काजळी धरते. लांब झाला तर खालून वर येणारा पिस्टन सरळ त्याच्यावर आपटतो. मग प्लगही जातो आणि कधीकधी पिस्टनही.

मी पिशवीतून दुकानाचा प्लग काढला. “तात्यानू, ह्या इंजिनाक आखूड प्लग लागता. तुमचो लांब आसा.”

“लांब आसा म्हणानच बरो. भाच्यान मुंबयसून धाडल्यान. ठिणगी पेट्रोलाच्या जवळ पडतली.”

“ठिणगी पडाच्या आधी पिस्टन येवन आपटतलो.”

“माका शिकवू नको. देवापेक्षा तुका जास्त कळता?”

गुरवही नारळ घेऊन तिथेच उभा होता. सकाळी त्यानंच ग्रामदेवतेला फुलं लावून कौल घेतला होता: मुंबईचा लांब प्लग बसवायचा का? उजवं फूल पडलं, म्हणजे हो. नशीब एवढंच की तात्यांकडे प्लगचा पाना नव्हता. नाहीतर मी पोचेपर्यंत इंजिनाचे बारा वाजले असते.

मी काकींच्या केरसुणीतला एक हीर, म्हणजे लांब काडी, ओढून घेतला. तो प्लगच्या भोकातून आत सोडला आणि चाक हातानं हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला तसा हीरही वर आला. पिस्टन अगदी वर आल्यावर भोकाच्या काठाशी हिराला नखानं खूण केली, हीर बाहेर काढला आणि लांब प्लगच्या शेजारी धरला. खूण प्लगच्या आट्या सुरू होतात तिथे जुळवली, तर प्लगचं टोक हिराच्या टोकाच्या चांगलंच पुढे जात होतं.

तात्यांचं आयुष्य गिरणीत गेलेलं. यंत्राची भाषा त्यांना समजत होती. ते विहिरीच्या काठावर बसले.

“आपटतलो खरो,” ते म्हणाले. “पण देवाचो शब्द मोडूचो कसो?”

मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. पलीकडे काकी पुन्हा घागर भरत होत्या. तेच मला बघवेना.

प्लगखाली तांब्याचं एक वायसर असतं. वायसर म्हणजे बांगडीसारखी चपटी कडी. जुन्या प्लगची बरीच वायसरं माझ्या पिशवीत पडून असायची. मी गुरवाकडे वळलो.

“गुरवानू, देवान लांब प्लग सांगल्यान. पण किती खोल बसवचो, ता सांगल्यान?”

गुरवानं डोळे मिटले. बराच विचार केला.

“नाय बा. ता आमी इचारूकच नाय.”

“मग ता माझ्यार सोडा.”

मी लांब प्लगवर एकावर एक वायसरं चढवत गेलो, आत जाणारा भाग हिराच्या टोकापासून सुरक्षित मागे येईपर्यंत. आखूड प्लग जेवढा आत गेला असता, तेवढाच आता हा जाणार होता. पान्यानं आवळला, चाक हातानं फिरवून पाहिलं. कुठे अडलं नाही. मग दोरी ओढली. इंजिन एकदा फुसफुसलं, दुसऱ्यांदा शिंकलं आणि तिसऱ्यांदा धडधडायला लागलं.

पाटातून पाणी पहिल्या कवाथ्यापर्यंत पोचलं, तेव्हा काकींनी घागर पालथी घातली आणि तिच्याच शेजारी बसून पदरात तोंड लपवलं.

तात्या मात्र जोरात होते. “बघितलंस? लांबच लागलो मा?”

मग गुरवानं नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, तू सांगल्याप्रमाणे लांबच प्लग बसयलो आसा. ह्या फिटरान तुझ्या शब्दात खोडो घातलो, ता पोटात घाल. त्येका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तात्या गरजले. काकीही म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागल्यावर मीही म्हणालो.

तात्या काही मुंबईला परत गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र तारकर्लीचे दोन बागाईतदार आमच्या दुकानात आले. त्यांना ‘तात्यांचो लांब प्लग’ हवा होता.

मालकांनी मला आत बोलावलं. “हा कुठल्या इंजिनाला लागतो रे?”

“आपण विकतो त्यातल्या कुठल्याच इंजिनाला नाही.”

“मग त्यांना सांगू काय?”

मी सांगितलं, “आखूड द्या. आणि घरी जाऊन आधी कौल घेऊ नका म्हणावं. आधी हीर घाला.”