बगलेतली शिवण

गौलीगुड्यातले माझे टेलरमास्तर मशीनला मोबाइल टेकवून नटनट्यांची नाचस्पर्धा बघतात. मार्क द्यायची वेळ आली की बंद करतात. मग बघतात तरी काय, याचं मला कोडं होतं.

परवा त्या स्पर्धेत एका नटीची बाही नाचताना उसवली आणि ती क्लिप घरोघर फिरली. ब्लाउज न्यायला गेले तेव्हा मीही हसत हसत त्यांना दाखवली. ते हसले नाहीत.

"बगलेत कापडच सोडलं नाही. चूक शिंप्याची, अन् हसतात बाईला."

मग माझा तयार ब्लाउज घेऊन ते बगलेतली शिवण सैल करायला बसले.

"अहो मास्तर, मी कुठं नाचते?"

"हौ ताई, पण पोरीच्या लग्नात नाचताल की. तिथं समद्यांच्या हातात मोबाइल राहतो."

मी माझा मोबाइल पर्समध्ये टाकला.