हाक त्याची, ओ आपली

आमच्या घरात एक वाक्य इतक्यांदा बोललं जायचं की दारावरच्या पाटीवर आडनावाऐवजी तेच लावलं असतं तरी चाललं असतं. तुमचं तुम्ही ठरवा. वाक्य मूळचं माझ्या नवऱ्याचं. ते ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवायचे, पुण्यातल्याच एका कॉलेजात, पुढे पाळक होणाऱ्या मुलांना. माणसाला देवाने स्वतःची इच्छा दिली आहे आणि ती खरीखुरी आहे, देखाव्याची नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी ते जन्मभर भांडले. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय असं मानणारे आम्हा प्रोटेस्टंटांतच पुष्कळ आहेत. त्यांच्याशी यांचं कायमचं वाकडं. एकदा असेच एक विद्वान पाहुणे आमच्या बिबवेवाडीच्या घरी आले आणि वाद चांगलाच रंगला. मी चहाचं विचारायला बाहेर आले, तर हे म्हणाले, "विचारू नकोस. ते घेणार की नाही हे आधीच ठरलेलं आहे, आपण कोण विचारणार?" पाहुणे हसले. पण चहा त्यांना शेवटी मागून घ्यावा लागला.

या सगळ्याच्या मुळाशी एक लहान मुलगी होती, यांची धाकटी बहीण. यांचे वडील खेड्यात प्रचारक होते, पगार नावालाच, दवाखाना लांब. ती तापाने गेली. भेटायला अंगणात जमलेला प्रत्येक जण म्हणाला, देवाने ठरवलं होतं. हे तेव्हा शाळकरी होते. लग्नानंतर एकदाच मला म्हणाले, "देवाने ठरवलं असेल तर देवाने मारलं, असा त्याचा अर्थ होतो. हे कोणाला कळत कसं नाही?" पुढे पुस्तकं आली, परिषदा आल्या, पण मला वाटतं भांडण तेच चालू होतं, त्या अंगणात उभं राहून.

शिकवायचे मात्र हसत-खेळत. देवाला पुढचं सगळं माहीत असतं, मग आपण मोकळे कसे, असं मुलांनी विचारलं की म्हणायचे, "ही आज चहात साखर विसरणार हे मला सकाळी हिच्या तोंडाकडे बघूनच कळतं. म्हणून काय मी तिला विसरायला लावतो?" हे उदाहरण ते वर्गात देतात हे मला वार्षिक समारंभाला कळलं. घरी येऊन मी आठवडाभर त्यांच्या चहात दुप्पट साखर घातली. निमूट प्यायले. त्यांचं खरं वाक्य निराळंच होतं आणि तास त्यावरच संपायचा. देव ढकलत नाही, देव हाक मारतो. ओ द्यायची की कानाडोळा करायचा, ते आपण बघायचं. हाक त्याची, ओ आपली. त्यांचं सगळं लिखाण मीच टाइप करायची, त्यामुळे हे वाक्य माझ्या हाताखालून किती वेळा गेलं त्याला गणती नाही. डोक्यात किती वेळा शिरलं, ते पुढे कळलंच.

घरात आम्ही त्यातलं आपल्याला सोयीचं तेवढं घेतलं, म्हणजे ढकलायचं नाही. मुलाला परदेशी नोकरी मिळाली तेव्हा त्याने नाश्त्याला बसल्यावर विचारलं, "जाऊ का?" आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, "तुझं तू ठरव." तो गेला. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही कसबा पेठेत यांची जुनी पुस्तकं बांधून घ्यायला गेलो होतो. परत येताना हे बोळातच एका दुकानाच्या पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक. दुकानदार म्हणाला, "आजोबा, पायरी गिऱ्हाइकांसाठी आहे." आणि लगेच आतून पाणी आणि पंखा घेऊन आला. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे. म्हणाले, "झडप बदलावी लागेल. या वयात ऑपरेशनला धोका आहे, न करण्यात त्याहून जास्त आहे. फार दिवस घालवू नका. पण निर्णय तुमचा." मला वाटलं, घ्या, हेही आमच्याच वर्गात शिकून आलेत.

हे म्हणाले, "विचार करतो."

आणि करत बसले. दिवाळी गेली, नाताळ आला. माझा जीव नुसता टांगणीला. दुपारी ते खुर्चीत डुलकी घ्यायला लागले की मी समोर मेथी निवडत बसायची आणि त्यांचा स्वेटर वरखाली होतोय ना ते बघायची. न्हाणीघराची कडी लावू नका म्हणून सांगितलं होतं, तरी सवयीने लावायचे. मग मी बाहेर वॉशिंग मशीनपाशी उगीचच कपडे काढ-घाल करत उभी. आत पाणी पडत असलं की बरं वाटायचं, थांबलं की मी दाराला कान लावायची. एकदा मी दार वाजवलं तर आतून म्हणाले, "अजून आहे." असले विनोद.

मी विचारायची, "काय ठरलं?"

"दोन्ही बाजू सारख्याच वाटतात," ते म्हणायचे. "जगलो ते पुरेसं आहे असंही वाटतं. करून बघावं असंही वाटतं. कुठलंच पारडं खाली जात नाही."

मला इतका संताप यायचा. सगळ्या जगाला सांगत फिरलात, माणूस ठरवू शकतो म्हणून, आणि आता तुमचं घोडं कुठे अडलं? हे सगळं मी भांड्यांना ऐकवायची. त्यांना म्हणायची, "तुमचं तुम्ही ठरवा." मला वाटायचं, याला म्हणतात मान राखणं. मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, सांग ना त्यांना, करा म्हणून." मी म्हणाले, "मी कशी सांगणार? शरीर त्यांचं." तो म्हणाला, "खरं आहे. आपल्या घरात कोणी कोणाला कधी थांबवलंय?" मला ते लागलं, पण का लागलं ते शोधायला मी गेले नाही.

आता त्या डब्याविषयी सांगायला हवं. आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत पाळक एक डबा घेऊन पुढे उभे राहतात. चमकत्या कागदाने मढवलेला बिस्किटांचा डबा, आत शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, वचनांच्या गुंडाळ्या. एकेकाने रांगेने जायचं, डोळे मिटून एक काढायची. जे निघेल ते तुमचं वर्षाचं वचन. घरोघरी फ्रिजवर चिकटवलेली दिसतात. मी दरवर्षी काढते आणि मला ते आवडतं. यांनी आयुष्यात कधी त्या डब्याला हात लावला नाही. रांग लागली की हे बाकावर बसून राहायचे. "देवाला माझ्याशी बोलायचं असेल तर तो मला पुस्तक उघडायला लावेल. सोडत काढणार नाही." आताचे पाळक यांचेच विद्यार्थी, त्यामुळे ते यांच्या बाकाकडे बघून नुसते हसायचे.

या वर्षी सकाळी मी रांगेत उभी होते. पुढच्या बाई काढून गेल्या, माझा नंबर आला, आणि मागे काठीचा आवाज झाला. वळून बघते तर हे. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली, श्वास लागलेला. मागच्या रांगेतलं बोलणं थांबलं. पाळकांना काही सुचेना, त्यांनी डबा थोडा पुढे केला, थोडा मागे घेतला. यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात डब्यात घातला.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. इतके आठवडे मला कसंही करून एक उत्तर हवं होतं, कुठूनही, अगदी बिस्किटाच्या डब्यातूनसुद्धा. पण मला भयंकर भीती वाटली. डॉक्टरांकडे वाटली नव्हती इतकी. वाटलं, हा माणूस आता गेला, झडपेने जायच्या आधीच गेला. मी त्यांचं मनगट धरलं, भर चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत.

"अहो, नका," मी म्हणाले.

"का? तू नाही का काढत?"

"माझं निराळं. मला चालतं. तुम्हाला नाही चालत."

ते हळूच म्हणाले, "कोणीतरी काहीतरी सांगावं असं वाटतंय गं."

त्यांचा हात मी रिकामाच बाहेर काढला आणि त्यांना धरून बाहेर आणलं. आवारात बदामाच्या झाडाखाली बाक आहे, तिथे बसवलं. आत गाणं सुरू झालं. मी म्हणाले, "सांगायला काय, डॉक्टरांनी सांगितलंय, मुलाने सांगितलंय."

"तू कुठे सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? तुम्हीच तर म्हणता, ढकलायचं नाही."

ते श्वास जमवत बसले. मग नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "ढकलायचं नाही म्हणालो. हाक मारायची नाही असं कधी म्हणालो? कोणी हाकच मारली नाही तर माणूस ओ कशाला देणार? तो मोकळा नाही, नुसता एकटा." आणि पुढे, "तूच टाइप केलंयस हे."

मला आधी रागच आला. इतकी वर्षं स्वयंपाक, टायपिंग, मेथी, न्हाणीघराबाहेरचा पहारा, आणि वर मीच हाक मारली नाही? मग मुलगा नाश्त्याला बसलेला दिसला, जाऊ का म्हणून विचारणारा. त्यालाही तेच हवं होतं. थांबला नसता कदाचित, पण विचारत होता. मला एकदम रडू फुटलं आणि त्या रडण्याच्याच तिरीमिरीत मी म्हणाले, "करा ते ऑपरेशन. मला तुम्ही हवे आहात. तुमचं पुरेसं जगून झालं असेल, माझं तुमच्याबरोबर झालेलं नाही. मला एकटीला त्या घरात राहायचं नाही. कळलं?"

"बरं," ते म्हणाले. आणि लगेच, "हे दिवाळीत सांगायला काय झालं होतं?"

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, तू ये. तो म्हणाला, येतो.

तारीख ठरली आणि माझी खरी परवड सुरू झाली. आधीची काळजी त्यांची होती, ही माझी. मी म्हणाले म्हणून हे टेबलावर जाणार. काही बरंवाईट झालं तर? माझ्या शब्दाने झालं. भरती करायच्या आदल्या दिवशी त्यांची बॅग भरताना मी म्हणाले, "अहो, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. अजूनही नको वाटत असेल तर..."

"तुझ्या सांगण्यावर कोण जातंय?" ते म्हणाले. "हाक तुझी होती. ओ मी दिली. ओ माझी आहे, तिच्यात तू नाक खुपसू नकोस. आणि तो निळा टॉवेल नको, जाडा दे."

इतक्या वर्षांत त्यांचं धर्मशास्त्र मला पहिल्यांदा उपयोगी पडलं. भीती गेली नाही, पण अंगावरचं ओझं थोडं सरकलं. आणि एक नवीच गोष्ट डोक्यात आली. हाक मारणाऱ्याला ओ येईपर्यंत काय वाटत असेल? देवाच्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, व्यवस्थित झालंय, आता त्यांनी जागं व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी जरा हालचाल करायला लागल्यावर घशातली नळी काढली, पण ते पुन्हा गुंगीत गेले, डोळे उघडेनात. मुलगा बाहेर काचेला नाक लावून उभा. आत मला एकटीलाच सोडलं. इतक्या यंत्रांच्या मध्ये ते अगदी लहान दिसत होते. नर्स विदर्भाकडची, वयाने माझ्या नातीएवढी. म्हणाली, "आजी, हाक मारा त्यांना. नावाने मारा, ओळखीच्या आवाजाने जागे होतात."

नावाने. यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. तोंड उघडलं पण ते यायलाच तयार नाही.

"अहो," मी म्हणाले.

काही नाही. नर्स म्हणाली, "नाव घ्या, आजी."

"अहो." यंत्र आपलं टिकटिक करत होतं. मी पलंगाची दांडी धरली आणि स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी, चांगली खणखणीत मारली. "अहो, ऐकलं का?"

त्यांच्या कपाळावर आठी पडली. लिहिताना मध्येच बोलावलं की पडते ती. डोळे उघडले नाहीत. सुकलेले ओठ हलले, आणि घोगऱ्या, वैतागलेल्या आवाजात ते म्हणाले, "ओ."

नर्स म्हणाली, परत मारा, परत मारा. मी नाही मारली. एकदा ओ दिल्यावर पुन्हा पुन्हा हाका मारलेल्या त्यांना आवडत नाहीत.