आज प्रयोग आहे

ओठांवर बोट ठेवून बाईंनी दार उघडलं की मी समजायचे, आज प्रयोग आहे. मग त्या वहीत लिहून दाखवत, ‘आज बोलणं बंद. संध्याकाळी गायचंय.’

नातवंडांनो, शिकागोजवळ शॉमबर्गला या बाई माझ्या शेजारी राहत. वय शहाऐंशी. शेवटचा प्रयोग होऊन तीस वर्षं झाली होती.

बाई मूळच्या नगरच्या. चर्चमध्ये गाता गाता शिकल्या आणि शिकागोच्या ऑपेरात आल्या, तेव्हा तिथे आपल्याकडचं दुसरं कुणी नव्हतं. आधी कित्येक वर्षं दासींच्याच भूमिका. पुढे नायिका मिळाल्या, त्या सगळ्या शेवटी मरणाऱ्या. “सतरा वेळा मेले गं,” त्या सांगायच्या, “आणि मरताना सगळ्यांत वरचा सूर. सुखानं मरूसुद्धा देत नाहीत.”

ऑपेरात माईक नसे, म्हणून प्रयोगाच्या दिवशी त्या आवाज राखून ठेवत. दिवसभर मौन.

म्हातारपणी बाई विसरायला लागल्यावर हे मौनाचे दिवस परत आले. आधी महिन्यातून एखादा, मग आठवड्यातून दोन, मग रोज.

मी त्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरायला जायचे. रविवारी बॉस्टनहून मुलीचा फोन येई. मुलगी साठीची, पण बाईंची बेबीच. मी स्पीकर लावायचे. ती म्हणायची, “मम्मी, काहीतरी बोल ना.” बाई लिहायच्या, ‘प्रयोगानंतर.’ मी वाचून दाखवायचे.

एकदा ती म्हणाली, “मावशी, लहानपणीही ती हेच लिहायची. मी वेट करता करता झोपून जायचे.” मी म्हटलं, रेकॉर्डिंग्ज आहेत की. त्यावर ती म्हणाली, “ते सगळ्यांसाठी गायलेलं. मला हाक हवीय.”

शेवटी मला एक सुचलं. पुढच्या रविवारी फोन लावून ठेवला आणि बाईंना सांगितलं, “प्रयोग संपला.” मी टाळ्या वाजवल्या. फोनमधून मुलीनेही वाजवल्या.

बाई खुर्चीचा हात धरून उठल्या. वाकून अभिवादन केलं. मग कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज फुटला, घोगरा, पण स्पष्ट.

“बेबी झोपली का?”

मी फोनचा आवाज वाढवला.

“झोपली असेल. उठवू नका तिला.”

“मी जागी आहे, मम्मी,” फोनमधून आवाज आला.

त्या महिन्यातच बाई गेल्या. मला बाई दिसतात त्या रविवारी होत्या तशाच, खोलीच्या मधोमध उभ्या, ही कोण बाई बोलली म्हणून एकेका कोपऱ्यात पाहणाऱ्या.